मनाचे दुखणे आणि उपचाराचा निर्णय

(कडा, तालुका आष्टी, जिल्हा बीड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलावयास उभा आहे तो जाहीर सभेत बोलण्याचा विषय नव्हे, असे आपणांपैकी काहींस वाटण्याचा संभव आहे. शिष्यवृत्ती, गायरान, स्मशानभूमी, मजुरी, अत्याचाराचे खटले या प्रश्नांवर आपण पुष्कळ भाषणे ऐकली आहेत आणि पुढेही ऐकाल. मनाच्या दुखण्यावर मात्र कोणी सभा भरवीत नाही. ते दुखणे घरात भिंतीकडे तोंड करून सोसले जाते आणि सोसणाऱ्याबरोबर ते घरातच राहते. या कारणानेच ते सभेपुढे आणणे मला अवश्य वाटले.

माझा प्रश्न नेमका आहे. ज्या माणसाला आठवडेच्या आठवडे झोप नाही, ज्याचे कामात चित्त नाही, जो चारचौघांत बसूनही एकटा असतो, त्याने मानसोपचार घ्यावा की घेऊ नये? शहरातील मंडळी याला थेरपी म्हणतात. हा निर्णय कोणी करावा, कशाच्या आधारावर करावा आणि तो करताना मनात येणाऱ्या शंकांना किती किंमत द्यावी, एवढ्याच गोष्टींचा विचार मी आपणांपुढे करणार आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ ठरवून घेऊ. या कामात आपणांस तीन प्रकारची माणसे भेटतात. पहिला मानसोपचारतज्ज्ञ. हा डॉक्टर असतो, मनाच्या आजारांचे विशेष शिक्षण घेतलेला असतो आणि औषध लिहून देऊ शकतो. दुसरा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. तो औषध देत नाही. तपासणी आणि संभाषण यांच्या साहाय्याने उपचार करतो आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. तिसरा समुपदेशक. समुपदेशन या शब्दात उपदेश दडलेला आहे हे खरे, परंतु चांगला समुपदेशक उपदेश फारच थोडा करतो. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, अर्धा तास ते तासभर तो आपल्यासमोर बसतो, आपले ऐकतो, प्रश्न विचारतो आणि गुंता कोठे आहे हे आपल्याच तोंडून आपल्याला पाहावयास लावतो. असे काही आठवडे चालते. थेरपी म्हणतात ती एवढीच. तिच्यात गूढ असे काही नाही.

आता हा प्रश्न कड्यात का काढावा? शहरातील सुखवस्तू माणसांचे हे कौतुक आहे, त्याच्याशी आमचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्यांस माझे सांगणे असे की, आपल्या तालुक्याकडेच पाहा. दिवाळी झाली की या भागातून टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते आणि तिच्यापायी पाचसहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात काढावे लागतात. म्हातारी माणसे व शाळेतील मुले मागे राहतात किंवा शाळा सोडून कोपीवर जातात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामी बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. हा आकडा ऐकून विधिमंडळ हादरले, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. शरीरावरील शस्त्रक्रियेपर्यंत या भगिनींना नेणारी वाट सापडली. पण "बाई, तुझ्या जिवाला काय होते आहे?" असे विचारणाऱ्या माणसापर्यंत नेणारी वाट त्यांच्यापैकी कितीजणींना सापडली असेल?

याच जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या. त्यासाठी शासनाने २०१५ साली मराठवाडा व विदर्भ यांतील चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात बीड जिल्हा होता. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन मनाची विचारपूस करावयाची आणि ज्यास गरज दिसेल त्यास समुपदेशनाकडे व उपचाराकडे पाठवावयाचे, अशी ती योजना होती. म्हणजे या भागातील माणसाला मनाच्या उपचाराची गरज आहे हे सरकारनेही मान्य केले. मग तो विषय कड्याचा नव्हे असे कसे म्हणता येईल?

आता आपल्या समाजापुरती एक गोष्ट मला विशेष करून सांगावयाची आहे. पूर्वी मनाच्या दुखण्याला गावात एक ठिकाण होते. बाईच्या अंगात येई, तिला देवऋषीकडे नेत, कौल लावीत, कोंबडे देत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर गावोगाव लोकांनी देव्हाऱ्यातील टाक नदीत सोडले. ते योग्यच झाले. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा तर २०१३ च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हाच ठरला आहे. पण जरा खोल विचार करा. देवऋषीचा उपाय खोटा होता. तथापि त्या खोट्या उपायाच्या निमित्ताने का होईना, त्या बाईला तासभर घरातील सर्व माणसांपुढे बोलावयास मिळे. एरवी जिचे कोणी ऐकत नसे, तिचे त्या वेळी सासूही ऐके आणि नवराही ऐके. आपण ते दार बंद केले. त्या जागी दुसरे दार उघडले काय? आपण वाचनालये काढली, वसतिगृहे काढली, जयंतीच्या मिरवणुका काढल्या. दुःख बोलून दाखविण्याची जागा मात्र आपण काढली नाही. मानसोपचार ही ती जागा होऊ शकते. तेथे कोणी अंगात आणीत नाही, कोणी नवस बोलावयास लावीत नाही. कार्यकारणभावाने दुःखाचा शोध घ्यावयाचा, ही रीत तर आपल्या परिचयाची आहे.

इतके असूनही जावे की न जावे असा संशय राहतोच. तो संशय निरनिराळ्या आक्षेपांच्या रूपाने प्रगट होतो. त्यांपैकी मुख्य पाच आक्षेपांचा परामर्श मी घेतो.

पहिला आक्षेप असा की, लोक वेडा म्हणतील. या आक्षेपामागे एक चित्र आहे. मनाचा उपचार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांच्या भिंती उभ्या राहतात. परंतु तेथे दाखल होण्याची गरज फार थोड्यांस असते. देशातील बारा राज्यांत २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात शंभर प्रौढ माणसांमागे सुमारे दहा-अकरा माणसांस त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला आणि त्यांपैकी बहुसंख्यांस कोणताच उपचार मिळालेला नव्हता. या प्रमाणाने पाहिले तर या सभेतही अशी माणसे असणारच. ती वेडी नाहीत. ती आपल्यासारखीच शेतात, शाळेत, कचेरीत काम करणारी माणसे आहेत.

शिवाय कायदा काय म्हणतो हे आपण जाणले पाहिजे. संसदेने २०१७ साली मानसिक आरोग्यसेवेचा नवा कायदा केला आणि तो २०१८ पासून अमलात आला. या कायद्याने प्रत्येक व्यक्तीस शासकीय खर्चाने चालणाऱ्या सेवांतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. लिंग, धर्म, वर्ग आणि जात यांवरून या हक्कात भेद करता येणार नाही असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन उपचार करणाऱ्यावर घातले आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, अशा मोजक्या प्रसंगांचा काय तो त्यास अपवाद. तेव्हा समुपदेशकाकडे जाणे ही कोणाच्या दयेची याचना नव्हे. सार्वजनिक विहिरीचे पाणी जसे हक्काने प्यावयाचे, तसा हा उपचारही हक्काने घ्यावयाचा आहे.

दुसरा आक्षेप असा की, नुसते बोलून काय होते? या भागातील एका भगिनीने मला विचारले, "दादा, माझ्या डोक्यावर उचलीचे कर्ज आहे. बोलून ते फिटेल का?" प्रश्न रोकडा आहे आणि त्याचे उत्तरही रोकडे दिले पाहिजे. बोलून कर्ज फिटत नाही. जो समुपदेशक तसे सांगेल तो खोटे सांगतो. परंतु ज्या माणसाची झोप उडाली आहे, ज्याला सकाळी उठण्याचेच बळ नाही, तो माणूस मुकादमाशी हिशेब करू शकत नाही, बँकेत जाऊ शकत नाही, ग्रामसभेत उभा राहू शकत नाही. कर्जाशी झगडावयासदेखील माणूस जागेवर असावा लागतो. त्याला जागेवर आणणे हे उपचाराचे काम आहे.

आणि बोलण्याने काही होते काय, याचा पुरावा शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. शेजारच्या गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, नैराश्याने बऱ्याच ग्रासलेल्या ४९५ माणसांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापून आले. या प्रयोगातील समुपदेशक डॉक्टर नव्हते. ती त्याच मुलुखातील सामान्य शिकलेली माणसे होती. त्यांना थोडे शिक्षण देऊन तयार केले होते. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट साधारण अर्ध्यापाऊण तासाची. निराश माणूस एकेक काम, एकेक भेटगाठ सोडीत जातो आणि जितके सोडतो तितका अधिक निराश होतो. हे चक्र लहान लहान कृतींनी उलटे फिरवावयाचे, एवढी त्या उपचाराची रीत होती. दोन्ही गटांना डॉक्टरांची नेहमीची सेवा मिळतच होती. एका गटाला त्याखेरीज हे समुपदेशन मिळाले. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी शेकडा ६४ माणसे नैराश्यातून बाहेर आली होती, तर न मिळालेल्यांपैकी शेकडा ३९. शेकडा ६४ म्हणजे शेकडा १०० नव्हे, हे मी आपणांस मुद्दाम सांगतो. काहींस गुण येत नाही, काहींस औषधाची जोड लागते. पण ६४ आणि ३९ यांत जो फरक आहे तो माणसांचा आहे, आणि तो बोलण्याने व त्यातून ठरलेल्या कृतींनी पडला आहे.

तिसरा आक्षेप आपल्या चळवळीतील तरुण करतात आणि तो सर्वांत वजनदार आहे. ते म्हणतात, आमचे दुखणे आमच्या डोक्यात नाही. ते गावाच्या वेशीवर आहे, वर्गात आहे, कचेरीत आहे. ज्याने जखम केली त्याला मोकळे सोडून जखमी माणसालाच रुग्ण ठरविणे हा कोठला न्याय?

या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. इतिहास त्यास साक्ष आहे. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टराने, मालकापासून पळून जाणाऱ्या गुलामांना पळण्याचा मानसिक रोग झाला आहे असे प्रतिपादन केले आणि त्या रोगाला 'ड्रॅपेटोमेनिया' असे भारदस्त नावही दिले. गुलामाची स्वातंत्र्याची इच्छा हाच रोग! तेव्हा मनाच्या वैद्यकाने सत्तेची चाकरी कधीच केली नाही असे कोणी म्हणू नये. आपल्या २०१७ च्या कायद्याने या बाबतीत एक भिंत घातली आहे. माणसाची सामाजिक किंवा आर्थिक स्थिती पाहून, अथवा तो आपल्या समाजातील रूढ नीतिकल्पना वा धर्मसमजुती मानीत नाही एवढ्यावरून, त्यास मानसिक रोगी ठरविता येणार नाही, असे तो कायदा सांगतो. गावाची रूढी मोडणाऱ्या माणसाला "याचे डोके फिरले आहे" असे म्हणण्याची ज्या देशात वहिवाट आहे, त्या देशात हे कलम फार मोलाचे आहे.

परंतु आक्षेपातील तथ्य मान्य करूनही त्याचा निष्कर्ष मला मान्य नाही. फ्रान्झ फॅनॉन हे नाव आपणांपैकी काहींनी ऐकले असेल. तो कॅरिबियन बेटावर जन्मलेला कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ होता. १९५३ पासून तो अल्जीरियातील ब्लिदा येथील मनोरुग्णालयात काम करीत होता. परकीय सत्तेची गुलामगिरी माणसाचे मन कसे मोडते हे त्याने तेथे रोज पाहिले. १९५६ साली त्याने नोकरीचा राजीनामा दिला आणि तो अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात सामील झाला. रोगाचे मूळ राज्यव्यवस्थेत आहे असे त्याचे ठाम मत होते. पण त्या मतापायी, समोर आलेल्या रुग्णाला त्याने "आधी स्वातंत्र्य येऊ दे, मग तुझा उपचार करू" असे म्हटले नाही. त्याने रुग्णही तपासले आणि सत्तेशीही झगडा केला.

आपणही असेच केले पाहिजे. डोक्यात काठी बसली तर आपण फिर्याद नोंदवितो आणि टाकेही घालतो. फिर्याद नोंदविली म्हणून टाके नकोत असे म्हणत नाही. टाके घातले म्हणून आरोपी सुटला असेही मानीत नाही. मनाच्या जखमेला हाच न्याय लावा. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर भगिनीचा मृत्यू झाला आणि जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून तिच्या तीन ज्येष्ठ सहकारी डॉक्टरांविरुद्ध खटला उभा राहिला. अशा प्रसंगी "तिने समुपदेशन घ्यावयास हवे होते" एवढेच म्हणून मोकळे होणे हा शुद्ध अन्याय आहे. छळाला उत्तर तक्रार, चौकशी आणि शिक्षा हेच होय. परंतु छळ सोसणाऱ्या मुलामुलींनी ते उत्तर मिळेपर्यंत, आणि ते वर्षानुवर्षे मिळत नाही हे आपण जाणतो, जिवंत आणि शाबूत राहिले पाहिजे. लढा लांबणार असेल तर लढणाऱ्याची काळजी अधिकच घ्यावयास पाहिजे.

चौथा आक्षेप असा की, उपचार करणारा आमचे जगणे न जाणणारा निघाला तर? तो म्हणाला, "जात आता कोठे राहिली आहे? तुम्ही फार मनाला लावून घेता," तर? ही भीतीही निराधार नव्हे. यातूनच दिव्या कंडुकुरी यांनी 'द ब्लू डॉन' हा बहुजन समाजासाठी मानसिक आधाराचा गट उभा केला. जातीचा अनुभव समजणारा समुपदेशक मिळावा हा त्यामागील हेतू. मात्र असा समुपदेशक प्रत्येकास जवळच मिळेल असे नाही. म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा: "माझ्या त्रासात जातीचा भाग आहे. त्याबद्दल मी येथे बोललो तर आपण ऐकाल काय?" जो नीट ऐकेल आणि न कळलेले विचारून घेईल, तो कोणत्या घरात जन्मला याला महत्त्व नाही. जो ऐकण्यापूर्वीच निकाल देईल त्याला नमस्कार करून उठा. एक समुपदेशक वाईट निघाला म्हणून उपचारच वाईट ठरत नाही. एक शिक्षक वाईट निघाला म्हणून आपण शाळा सोडली नव्हती.

पाचवा आक्षेप पैशाचा आणि अंतराचा. शहरातील खासगी समुपदेशक एका भेटीला जे शुल्क घेतात त्यात मजुराची कित्येक दिवसांची मजुरी जाते. म्हणून प्रथम सरकारी सोयीकडे जावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा बीडच्या जिल्हा रुग्णालयातून मिळते. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तेथे मनोविकृतीचा स्वतंत्र विभाग आहे. ज्याला आपण अजूनही नगर म्हणतो ते अहिल्यानगर कड्याहून जवळ आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, तिच्यावर कड्याचे स्थानक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये हाच लोहमार्ग बीडपर्यंत पोहोचला. आणि ज्यास कोठेच जाणे शक्य नाही त्याच्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही दूरध्वनीची सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र केव्हाही, विनामूल्य, मराठीत बोलता येते. उसाच्या फडावरून, कोपीतूनसुद्धा हा क्रमांक लागतो. टोळी कर्नाटकात गेली म्हणून उपचार खंडित होण्याचे आता कारण नाही.

आक्षेपांचा विचार झाला. आता निर्णय कसा करावा ते सांगतो. स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. एक, हा त्रास दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज होत आहे काय? दोन, त्यामुळे झोप, जेवण, काम किंवा घरातील माणसांशी असलेले संबंध बिघडले आहेत काय? तीन, जवळच्या माणसाशी बोलणे, विश्रांती घेणे, दारू टाळणे, असे जे आपल्या हातचे उपाय आहेत ते करून पाहूनही फरक पडला नाही काय? तिन्हींचे उत्तर होय असेल तर विलंब लावू नये. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर होणारा शोक हा रोग नव्हे. तेथे बहुधा माणसांची सोबत पुरते. मात्र महिने लोटूनही माणूस त्या दिवशीच थांबून राहिला असेल तर त्यासही मदत हवी.

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांपासून केली तरी चालेल, किंबहुना ते बरेच. रक्तक्षय, थायरॉइड यांसारख्या दुखण्यांनीही माणूस थकतो आणि खचतो. गर्भाशयाबरोबर ज्यांच्या बीजग्रंथीही काढल्या गेल्या आहेत अशा भगिनींच्या झोपेवर व मनावर त्याचा परिणाम होऊ शकतो. ते आधी तपासून घ्यावे.

त्यानंतर चारसहा भेटींची मुदत ठरवावी. कोणावर अंधविश्वास ठेवू नये. उपचारही पारखूनच घ्यावा. समुपदेशकाला त्याचे शिक्षण काय, नोंदणी कोठे, पद्धत कोणती, शुल्क किती, भेटी साधारण किती, गुप्तता कशी राखणार, हे विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. जो गंडादोरा, उपासतापास सांगेल, जो अंगचटीला येईल, जो आपली गोष्ट तिसऱ्यास सांगेल, त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकू नये. मुदतीअखेर पाहावे: झोप थोडी सुधारली काय? सोडलेले एखादे काम पुन्हा हाती घेतले काय? फरक नसेल तर तसे सांगावे, रीत किंवा माणूस बदलावा. मानसोपचारतज्ज्ञाने औषध दिले असल्यास ते आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये.

हा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा आहे. सर्व विचार करून कोणी "मला आज गरज वाटत नाही" असे ठरविले तर त्या निर्णयाचाही आपण मान राखू. माझी हरकत एकाच निर्णयाला आहे. जो निर्णय लाज करते आणि माणूस नुसता मान्य करतो, त्या निर्णयाला माझी हरकत आहे.

एका बाबतीत मात्र विचारविनिमयाला वेळ नाही. ज्याच्या मनात जीव देण्याचा विचार येत आहे त्याने आजच बोलावे. १४४१६ वर बोलावे, शेजाऱ्याशी बोलावे, प्रत्यक्ष धोका असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. अशा माणसाला एकटे सोडू नका. घरातील कीटकनाशके कुलपात ठेवा. "तुझ्या मनात असा विचार येतो का?" असे विचारल्याने तो विचार बळावत नाही, विचारलेले पाहून माणसाला हायसे वाटते. आणि पोलिसांच्या भीतीने कोणी उपचार लपवू नये. जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच २०१७ चा कायदा गृहीत धरतो. तिची काळजी घेणे आणि पुनर्वसन करणे हे तो शासनाचे कर्तव्य ठरवितो.

शेवटी आपणा सर्वांच्या कर्तव्याविषयी दोन शब्द. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा एक उपक्रम झाला. त्याच्या आरंभी नैराश्याने पीडित माणसांपैकी शेकडा ४.३ एवढीच माणसे मदत घेत होती. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांत जाऊन मनाच्या दुखण्याविषयी बोलण्यास सुरुवात केली आणि वाट दाखविली. दीड वर्षाने हे प्रमाण शेकडा २७.२ झाले. डॉक्टर आभाळातून पडले नाहीत. गाव बोलू लागले, एवढाच बदल झाला.

तसाच बदल आपण येथे घडवू शकतो. माझी मागणी लहान आहे. विहाराच्या फळ्यावर वंदनेच्या वेळेखाली १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहा. एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोघांनी हे काम अंगावर घ्यावे की, ज्यास दवाखान्यात जावयाचे आहे त्याच्या सोबतीला ते जातील आणि त्याबद्दल गावात अवाक्षर काढणार नाहीत. पुढल्या हंगामात टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक कोयत्याच्या हाती तो क्रमांक असू द्या. ज्याला जावयाचे नाही त्याला ओढू नका. ज्याला जावयाचे आहे त्याला एकटे पाठवू नका.

 ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी सभेत विचारावे. ज्यांना सभेत विचारणे जड वाटते त्यांच्यासाठी मी सभा उठल्यावर तासभर येथेच थांबणार आहे.